तुमच्या नावाने मेल कोण पाठवतंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत, म्हणजे मेलवर नाव एकाचं आणि पाठवणारा भलताच. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि हेच नीट घेतलंय.

प्रश्न : नमस्कार सर, सातपूर एमआयडीसीत आमचं छोटं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. कंपनीच्या नावाचं डोमेन घेतलंय, ऑफिसचे सगळे मेल त्यावरच चालतात. गेल्या सोमवारी सकाळी इनबॉक्स उघडला तर 'मेलर डेमन' नावाने तीनशेच्या वर मेल, तुमचा मेल पोचला नाही म्हणून. आत बघितलं तर कर्जाच्या जाहिराती, त्या आम्ही कधी पाठवल्याच नाहीत. पासवर्ड बदलला तरी येतच आहेत. आमचं अकाउंट हॅक झालंय का? आणि एवढे स्पॅम फिल्टर असतात ते मग करतात काय?

उत्तर : सर, पासवर्ड बदललात ते चांगलंच केलंत, पण त्या परत आलेल्या मेलपैकी एक उघडा आणि खाली मूळ मेलचे हेडर दिलेले असतात ते बघा. त्यात 'रिसीव्ड' अशा ओळी असतील, मेल कुठल्या सर्व्हरवरून निघाला ते तिथे लिहिलेलं असतं. तो सर्व्हर तुमच्या मेल कंपनीचा असेल तर खरंच कोणीतरी तुमच्या खात्यात शिरलंय, आणि तो भलत्याच देशातला, तुमचा काही संबंध नसलेला असेल तर कोणी आत शिरलेलं नाही, फक्त तुमचा पत्ता वापरलाय. सेंट फोल्डर रिकामं आहे एवढ्यावर मात्र विसंबू नका, चोरलेल्या पासवर्डने बाहेरून पाठवलेले मेल तिथे दिसतीलच असं नाही. तुम्ही सोबत पाठवलेल्या नमुन्यात मी बघितलं, सर्व्हर तुमचा नाही. म्हणजे हॅक नाही, तुमच्या नावाचा गैरवापर आहे.

आता हे होऊ कसं शकतं. नाशिकरोडच्या प्रेसमधे पोस्टाची तिकिटं छापतात हे आपल्याला लहानपणापासून माहितीये, तर त्याच पोस्टाचं उदाहरण घ्या. मी पाकिटावर प्रेषक म्हणून तुमच्या वर्कशॉपचा पत्ता लिहिला आणि पेटीत टाकलं, तर पेटी मला विचारते का की बाबा हा पत्ता तुझाच आहे का? आणि ज्याला पाठवलं तो त्या पत्त्यावर राहत नसेल तर पोस्टमन ते पाकीट तुमच्या दारात आणून टाकणार, माझ्या नाही. ईमेल अगदी असंच चालतं. मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कसा न्यायचा याचा नियम, एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून ठेवला आणि तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था, एकमेकांना ओळखणारी माणसं, त्यामुळे पाठवणारा खरंच तो आहे का हे तपासायची सोयच त्यात नव्हती. ती सगळी नंतर वरून जोडलीये आणि आजची निम्मी भानगड तिथूनच येते.

त्यातही एक मेख आहे जी बहुतेकांना माहीत नसते. मेलमधे प्रेषक दोन ठिकाणी असतो. एक पाकिटावरचा, जो फक्त सर्व्हर एकमेकांना सांगतात आणि परत आलेला मेल त्याच पत्त्यावर जातो. दुसरा आतल्या कागदाच्या लेटरहेडवरचा, जो तुम्हाला स्क्रीनवर 'फ्रॉम' म्हणून दिसतो. दोन्ही वेगळे असू शकतात आणि दोन्ही खोटे असू शकतात. तुमच्या बाबतीत स्पॅमवाल्याने पाकिटावर तुमचा पत्ता टाकला, हजारो बंद पडलेल्या पत्त्यांवर मेल मारले, आणि न पोचलेले सगळे तुमच्या दारात येऊन पडले.

हे परतीचे मेल फिल्टर का अडवत नाही? कारण ते मेल स्वतः खरे आहेत. खऱ्या सर्व्हरने, नियमाप्रमाणे, प्रेषकाची जागा रिकामी ठेवून पाठवलेले, आणि असा मेल सरसकट अडवला तर उद्या तुम्ही गिऱ्हाइकाला पाठवलेलं कोटेशन खरंच पोचलं नाही तर तेही तुम्हाला कळणार नाही. खरी चूक त्या पलीकडच्या सर्व्हरची असते. नीट लावलेला सर्व्हर मेल दारातच नाकारतो, समोरचा सर्व्हर अजून लाइनवर असतानाच सांगतो की असा माणूस इथे नाही, मग स्पॅमवाल्याचं पार्सल त्याच्याच हातात राहतं. वाईट लावलेला सर्व्हर आधी मेल आत घेतो, 'ठीक आहे' म्हणतो, आणि मग सावकाश तपासून पाकिटावरच्या पत्त्यावर परत पाठवतो, तो पत्ता खोटा असू शकतो याचा विचारच करत नाही. म्हणून तुमच्यापैकी जे कोणी स्वतःचा मेल सर्व्हर चालवतात त्यांना कळकळीची विनंती, स्पॅम आला की 'तुमचा मेल स्पॅम म्हणून नाकारला' असं उत्तर पाठवणारी सेटिंग असेल तर ती आजच बंद करा. ते उत्तर स्पॅमवाल्याला कधीच जात नाही, सातपूरच्या या वर्कशॉपसारख्या कोणा निरपराध माणसाला जातं.

तुमच्याकडे हा पाऊस बहुतेक थोड्या दिवसांत थांबेल, ते लोक पत्ते बदलत राहतात. पण तो पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं ते पुढच्या उत्तरात आहे, ते तुमच्या वेबसाइटवाल्याला वाचायला द्या.

प्रश्न : सर, मी नाशिकमधे कंप्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एसपीएफ, डीकिम, डीमार्क हे तीन शब्द सगळीकडे वाचते पण तिन्ही कशाला लागतात, एकाने का भागत नाही हे कुठेच नीट सांगितलेलं नाही. आणि प्रेषक खोटा आहे हे कळलं तर फिल्टर सरळ मेल फेकून का देत नाही?

उत्तर : छान प्रश्न विचारलास. पोस्टाचंच उदाहरण पुढे नेऊ. पाकिटावर प्रेषक त्र्यंबकेश्वरचा आणि शिक्का मात्र मालेगावचा, तर तुला शंका येईल ना? एसपीएफ तेच करतं. डोमेनचा मालक डीएनएसमधे, म्हणजे डोमेनांच्या इंटरनेटवरच्या जाहीर नोंदवहीत, एक पाटी लावून ठेवतो की माझी पत्रं फक्त अमुक अमुक पोस्टातूनच निघतात, म्हणजे या या आयपी पत्त्यांवरून (आयपी म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनचा आकड्यांतला पत्ता). मेल घेणारा सर्व्हर पाकिटावरचं डोमेन बघतो, त्याची पाटी वाचतो, आणि समोर लाइनवर असलेला आयपी त्यात आहे का ते तपासतो. आयपी खोटा सांगून एवढं लांब संभाषण करणं जवळपास अशक्य, म्हणून ही खूण भक्कम. पाटीच्या शेवटी 'ऑल' हा शब्द येतो, त्याच्या आधी वजाचं चिन्ह असेल तर अर्थ 'बाकी सगळे खोटे समजा' आणि लाटेचं चिन्ह म्हणजे टिल्ड असेल तर 'बाकीच्यांवर संशय घ्या पण लगेच फेकू नका'. अजून एक, ही पाटी वाचताना दुसरीकडे डीएनएसमधे जास्तीत जास्त १० वेळा विचारायची परवानगी आहे. न्यूजलेटरवाला, बिलिंगवाला, हिशोबाचं सॉफ्टवेअर असं एकेक जोडत गेलं की ती मर्यादा कधी ओलांडली कळत नाही आणि मग सगळी पाटीच निकामी होते.

पण एसपीएफला दोन मोठी भोकं आहेत. एक, ते पाकीट बघतं, लेटरहेड नाही. स्पॅमवाला पाकिटावर स्वतःचं डोमेन टाकतो, त्याची पाटी नीट लावतो, एसपीएफ पास, आणि आत लेटरहेडवर तुझ्या कॉलेजचं नाव. तुला स्क्रीनवर दिसतं फक्त कॉलेजचं नाव. दुसरं भोक म्हणजे फॉरवर्डिंग. देवळालीतल्या मित्राने त्याला आलेलं पत्र तसंच्या तसं तुझ्या पत्त्यावर पुढे टाकलं तर शिक्का देवळालीचा पडणार, पत्र अस्सल असूनही एसपीएफ नापास.

म्हणून डीकिम. याहूकडे एक पद्धत होती, सिस्कोकडे एक होती, दोन्ही मिळून हे तयार झालं आणि २००७ मधे त्याचा प्रमाण मसुदा आला. ही लाखेची मोहोर समज. पाठवणारा सर्व्हर मेलचा मजकूर आणि 'फ्रॉम', 'सब्जेक्ट' असल्या ओळी घेऊन आपल्या खाजगी किल्लीने, म्हणजे फक्त त्याच्याकडे असलेल्या गुप्त आकड्याने, सही करतो, ती ताडून बघायची सार्वजनिक किल्ली डीएनएसमधे असते. पत्र कुठल्याही पोस्टातून फिरून येवो, मोहोर तीच राहते, आणि मधे कोणी एक आकडा जरी बदलला तरी ती जुळत नाही. फॉरवर्डिंगचा प्रश्न बराचसा इथे सुटतो. पण मोहोर कोणाची असावी याचा नियम डीकिममधे नाही. स्पॅमवाला स्वतःच्या डोमेनची मोहोर लावेल आणि ती व्यवस्थित पास होईल, लेटरहेडवर नाव तुझंच.

इथे डीमार्क येतं, २०१२ पासून वापरात आणि २०१५ मधे कागदावर आलेलं. ते नवीन काहीच तपासत नाही, ते फक्त म्हणतं की लेटरहेडवर जे डोमेन दिसतंय त्याच डोमेनच्या नावाने एसपीएफ किंवा डीकिम, दोन्हीपैकी निदान एक तरी पास झालं पाहिजे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची ओळ हीच, कारण पहिल्यांदा माणसाला जे दिसतं त्याच्याशी तपासणी जोडली गेली. आणि जुळलं नाही तर काय करायचं हेही डोमेनचा मालकच सांगतो. 'नन' म्हणजे काही करू नका फक्त मला कळवा, 'क्वारंटाइन' म्हणजे स्पॅममधे टाका, 'रिजेक्ट' म्हणजे दारातूनच परत.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. फिल्टरला 'हा मेल खोटा आहे' असं कधीच कळत नसतं, त्याला कळतं की 'या डोमेनने या मेलची जबाबदारी घेतलेली नाही'. ती का घेतली नाही याची कारणं चांगलीही असू शकतात, फॉरवर्डिंग, मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर पाठवलेला मेल सगळ्या सभासदांना वाटणारी यादी), विसरलेली पाटी. २०१४ च्या एप्रिलमधे याहूने आपल्या डोमेनला एकदम रिजेक्ट लावलं तेव्हा जगभरच्या मेलिंग लिस्टांवरून याहूवाल्यांचे अस्सल मेल परत जायला लागले होते, कारण लिस्टा विषयात आपलं नाव जोडतात, खाली चार ओळी लावतात आणि मोहोर तुटते. म्हणून मोठे फिल्टर या तीन निकालांना पुराव्यातले तीन कागद समजतात, त्यासोबत तो आयपी आधी कसा वागलाय, डोमेन किती जुनं आहे, आतल्या लिंका कुठे जातात, मजकुरातले शब्द कसे आहेत, किती लोकांनी 'स्पॅम' बटण दाबलंय हे सगळं घेतात आणि मग ठरवतात.

मालकाने मात्र पाटीच लावली नसेल तर फिल्टर काय करणार? माझा जीव तुटतो तो इथे. आपल्याकडच्या छोट्या कंपन्या, शाळा, पतसंस्था डोमेन घेतात, वेबसाइट झकास बनवून घेतात आणि डीमार्कची एक ओळ, जिला एक रुपया लागत नाही, ती कोणी लावत नाही. कोणी लावलीच तर 'नन' वर ठेवून विसरतात, आणि नन म्हणजे दाराला कडी आहे पण लावलेली नाही.

घाई पण करू नकोस. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका संस्थेचं मेल सांभाळत असताना पहिल्याच दिवशी रिजेक्ट लावलं. पगाराच्या स्लिपा एका वेगळ्याच सर्व्हरवरून जातात हे मी विचारलंच नव्हतं आणि त्या महिन्याच्या स्लिपा कोणालाच मिळाल्या नाहीत. तेव्हापासून मी आधी नन लावतो, मेल घेणाऱ्या सर्व्हरकडून रोज येणारे डीमार्कचे रिपोर्ट (एक्सएमएल फाइली) महिनाभर तरी वाचतो, आपल्या नावाने कोण कोण पाठवतंय त्याची यादी करतो, सगळ्यांना पाटीत किंवा मोहोरेत बसवतो आणि मग क्वारंटाइन, मग रिजेक्ट. सातपूरवाल्या सरांनीही याच क्रमाने करावं.

प्रश्न : साहेब, आम्ही पिंपळगाव बसवंतहून द्राक्षं एक्सपोर्ट करतो. या सीझनला हॉलंडच्या खरेदीदाराला आमच्या नावाने मेल गेला की आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट नवीन खात्यावर टाका. त्याने टाकलं. आता तो म्हणतो मेल तुमचाच होता, सब्जेक्ट तोच, खाली आमचं जुनं बोलणं तसंच, इनव्हॉइस नंबर पण बरोबर. मुलाने सांगितलं की आमच्या डोमेनला एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही आहे. मग हे झालं कसं?

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. वर्षभर बागेत राबायचं, ऑक्टोबरच्या छाटणीपासून रेसिड्यूच्या, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या, रिपोर्टपर्यंत जीव मुठीत धरायचा, आणि माल पोचल्यावर पैसा तिसऱ्याच्याच घशात.

तुम्ही पाठवलेल्या मेलच्या प्रतीत प्रेषकाचा पत्ता अक्षर अक्षर करून वाचा. तुमच्या डोमेनमधे जिथे इंग्रजी 'एम' आहे तिथे 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी आहेत, मोबाइलच्या बारीक अक्षरात दोन्ही सारखेच दिसतात. म्हणजे चोराने तुमचा पत्ता खोटा लिहिलाच नाही, त्याने तुमच्यासारखं दिसणारं स्वतःचं डोमेन विकत घेतलं. त्या डोमेनवर त्याने एसपीएफ लावलं, डीकिम लावलं, डीमार्कसुद्धा लावलं असणार, आणि खरेदीदाराच्या फिल्टरने तपासलं तेव्हा तिन्ही पास. फिल्टर खोटं बोलला नाही. 'पास' याचा अर्थ एवढाच की हा मेल त्याच डोमेनवरून आलाय जे लेटरहेडवर लिहिलंय. ते डोमेन कोणाचं, तो माणूस चांगला की वाईट, हे त्या तपासणीत येतच नाही. तुमच्या मुलाने केलेलं काम वाया गेलेलं नाही, त्यामुळेच चोराला तुमचा खरा पत्ता वापरता आला नाही आणि त्याला नक्कल करावी लागली.

आता जास्त काळजीची गोष्ट. जुनं बोलणं आणि इनव्हॉइस नंबर त्याला कुठून मिळाले? तुमचा नाहीतर खरेदीदाराचा, दोघांपैकी एकाचा मेलबॉक्स तो बरेच दिवस गुपचूप वाचत होता असं मला स्पष्ट दिसतंय. आज संध्याकाळच्या आत हे करा. मेलच्या सेटिंगमधे फॉरवर्डिंग आणि फिल्टरचे नियम बघा, 'इनव्हॉइस' किंवा 'पेमेंट' शब्द असलेले मेल भलत्या पत्त्यावर पाठवणारा किंवा सरळ डिलिट करणारा नियम तुम्ही न लावलेला दिसतोय का. पासवर्ड बदलून भागत नाही, तो नियम राहिला तर मेल जातच राहतात. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा, बाकी सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा. खरेदीदारालाही हेच करायला सांगा, तो आपला मेलबॉक्स साफ आहे म्हणून हमी देत असला तरी.

पैशाचं म्हणाल तर खरेदीदाराने त्याच्या बँकेला लेखी कळवून रक्कम परत मागवायची विनंती आणि तिथल्या पोलिसात तक्रार लगेच करायला हवी, यात तासांना किंमत आहे. तुम्ही इकडे १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा, मेल डिलिट करू नका, फॉरवर्ड केलेली प्रत पुराव्याला पुरत नाही, पूर्ण हेडरसकट मूळ मेल जपून ठेवायला सांगा. दुसऱ्याचं सोंग घेऊन कंप्युटरवरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

आणि पुढच्या सीझनला करार करतानाच एक ओळ घाला, 'खातं बदलल्याचं मेलवर कधीही कळवलं जाणार नाही, असा मेल आला तर आधीच दिलेल्या या नंबरवर फोन करून आवाज ओळखल्याशिवाय पैसे टाकू नयेत'. मेलमधे दिलेल्या नंबरवर नाही, करारातल्या नंबरवर. निफाड-दिंडोरी भागातल्या तुमच्या ओळखीच्या सगळ्या एक्सपोर्टरना हे सांगा, लाजू नका, ही तुमची चूक नाहीये.

प्रश्न : मी इंदिरानगरला राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. मला माझ्याच ईमेल पत्त्यावरून मेल आलाय! त्यात माझा जुना पासवर्ड लिहिलाय आणि कॅमेऱ्यातून माझं रेकॉर्डिंग केलंय, बिटकॉइनमधे पैसे द्या नाहीतर सगळ्यांना पाठवू अशी धमकी आहे. दोन रात्री झोप नाही. मेल स्पॅम फोल्डरमधे होता.

उत्तर : बाई, आधी शांत व्हा, कोणाकडे काही रेकॉर्डिंग नाहीये. वर सातपूरच्या सरांना लिहिलंय तेच इथे झालंय, लेटरहेडवर कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतो, तुमचं स्वतःचंही. पासवर्ड आधी कुठल्यातरी वेबसाइटच्या गळतीतून बाहेर आलेला असतो आणि अशा याद्या फिरत असतात, हाच मजकूर जगभर लाखो लोकांना गेलाय. मेल स्पॅममधे पडला याचाच अर्थ फिल्टरने आपलं काम केलं. उत्तर देऊ नका, पैसे देऊ नका, तो जुना पासवर्ड अजून कुठे चालू असेल तर मात्र आजच बदला. आणि आज घरच्या कोणाला तरी हे सगळं सांगा, एकटीने मनात ठेवू नका.

प्रश्न : आमच्या क्लासच्या वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म आहे. पालक फॉर्म भरतात पण आम्हाला मेल येतच नाही, नाहीतर स्पॅममधे जातो. वेबसाइटवाला म्हणतो गुगलची चूक. (गंगापूर रोड)

उत्तर : गुगलची नाही. तुमचा फॉर्म पालकांनी लिहिलेला जीमेल पत्ता 'फ्रॉम' मधे टाकून तुमच्या होस्टिंगच्या सर्व्हरवरून मेल पाठवतो. हेतू चांगला, पण फिल्टरच्या नजरेला ही सरळ सरळ बनावट सही आहे, जीमेलचा पत्ता आणि सर्व्हर जीमेलचा नाही. 'फ्रॉम' मधे तुमच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता घाला आणि पालकांचा पत्ता 'रिप्लाय-टू' मधे, मग रिप्लाय दाबलं की उत्तर बरोबर त्यांनाच जाईल. दहा मिनिटांचं काम आहे. सोबत एसपीएफ आणि डीकिम लावून घ्या, २०२४ च्या फेब्रुवारीपासून गुगल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम बरेच कडक केलेत, दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तर तिन्ही सक्तीचं आहे.

प्रश्न : बँकेचा मेल खरा की खोटा हे घरबसल्या कसं बघायचं? (सिन्नर)

उत्तर : जीमेल कंप्युटरवर उघडा, मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'शो ओरिजिनल' दाबा. वरच्या चौकटीत एसपीएफ, डीकिम, डीमार्क यांच्यापुढे पास की फेल लिहिलेलं असतं. पण पिंपळगावच्या दादांचं वर वाचलंतच, पास बघून थांबू नका, ते पास कुठल्या डोमेनच्या नावावर आहे ते वाचा. यासाठी रिझर्व्ह बँकेने आपल्याकडच्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हा वेगळा शेवट दिलाय, ३१ ऑक्टोबर २०२५ ही त्यांना तिकडे जायची मुदत होती, आणि हा शेवट बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. डोमेन उजवीकडून डावीकडे वाचायची सवय लावा, कारण बँकेचं नाव डावीकडे कुठेही घुसवता येतं, अगदी शेवटचा भाग मात्र ज्याचा त्याचाच असतो.